‘कॉम्प्युटर डॉक्टर’ यांस खुले पत्र

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सा. न. वि. वि.

आपल्या दुकानाच्या पाटीवर ‘कॉम्प्युटर डॉक्टर’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे, म्हणून हा मायना. आपलं नाव मुद्दाम लिहीत नाही. नागपुरात ही पाटी गल्लोगल्ली दिसते आणि पत्र त्यांतल्या बऱ्याच जणांना लागू पडेल. उगाच एकट्या आपल्याला मान का द्यावा?

ऐन मे महिन्यात आमचा सीपीयू चालता चालता बंद पडू लागला. निळा स्क्रीन नाही, कसली सूचना नाही, लाइट गेल्यासारखा खटकन बंद. आपण फोनवरच निदान केलंत, “विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावा लागेल.” रोगी न बघता रोग ओळखण्याची ही सिद्धी मोठमोठ्या वैद्यांनाही साधली नसेल.

तरी मशीन दुकानात आणल्यावर आपण उपचारात कसूर केली नाहीत, हे कबूल केलंच पाहिजे. रॅम काढलीत, तिच्या सोनेरी पट्ट्यांवर शाळकरी खोडरबर फिरवलंत, फुंकर मारलीत, परत बसवलीत. हा विधी निरुपयोगी नाही. मशीन सुरूच होत नसेल, नुसती बीप-बीप करत असेल, तर खोडरबराने खरंच काम होतं. आमचं मशीन सुरू व्यवस्थित होत होतं, बंद पडत होतं. पण खोडरबर हातात आलंच होतं, तर कुठेतरी फिरवायला हवं. मग फॉरमॅट झालं. घरी आणलं, पुन्हा बंद. त्यावर आपलं उत्तर, “मग मदरबोर्ड गेला.”

साहेब, तेव्हा मी एक आगाऊपणा केला. मशीन सुरू होताना डिलीटचं बटण दाबून बायोसमध्ये शिरलो. तिथे तापमानाचं पान असतं, फुकट असतं, थर्मामीटर विकत आणावा लागत नाही. प्रोसेसरचा आकडा 84 वरून 90, 90 वरून 97 असा चढत गेला आणि मशीन खटकन बंद! त्या घटकेला विंडोज हार्डडिस्कवर गाढ झोपलेलं होतं, अजून सुरूच झालं नव्हतं. ज्याच्यावर आपण आरोप ठेवलात आणि ज्याला फॉरमॅटची शिक्षाही देऊन टाकलीत, तो गुन्ह्याच्या जागी हजरच नव्हता.

डेस्कटॉपचे बरेचसे प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळपास पोचले की आधी स्वतःचा वेग कमी करतात. तरीही भागलं नाही तर जीव वाचवण्यासाठी बंद पडतात. म्हणजे आमचा बिचारा शहाण्यासारखाच वागत होता.

आपण जाता जाता “साइडचं पॅनल काढून टेबलफॅन लावा” असाही सल्ला दिला होतात. तो मात्र लाखमोलाचा निघाला, अर्थात उपचार म्हणून नाही, तपासणी म्हणून. पॅनल काढून पंखा लावल्यावर आकडा भराभर उतरला, तर डब्यात हवा खेळत नाही असं समजावं. आमचा आकडा ढिम्म हलला नाही. शिवाय तो सुरू करताक्षणी उडी मारत होता. निव्वळ धुळीने कोंडलेलं मशीन सहसा असं करत नाही, ते दमादमाने तापतं. सुरू होताच उडी, म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंक यांची गाठच पडत नाहीये.

मग उघडलं. फॅनखाली, ॲल्युमिनियमच्या पात्यांवर, धुळीचा राखाडी नमदा बसला होता, चिमटीत धरून अखंड उचलता येईल असा. पण मुख्य गुन्हेगार वेगळाच होता. कंपनीच्या त्या गोल कूलरला चार काळ्या प्लास्टिकच्या खुंट्या असतात, त्या मदरबोर्डाच्या भोकांत टक्‌ आवाज होईस्तोवर दाबायच्या असतात. आमची एक खुंटी अर्धी वर आलेली होती आणि सगळा हीटसिंक एका अंगाला कलला होता. खालची पेस्ट वाळून चुन्यासारखी कडक झाली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, तुरीच्या दाण्याएवढी नवी लावली, समोरासमोरच्या खुंट्या जोडीने दाबल्या. (आपला पोऱ्या ट्यूब पिळून पराठ्याला लोणी लावावं तशी पेस्ट लावतो. पेस्ट दोन धातूंमधल्या बारीक फटी भरायला असते. जाड थर दिला की तीच उष्णतेची वाट अडवते.) आकडा 52 वर येऊन थांबला.

बावन्न जास्त वाटतात? खोलीतच 38 होते. फॅनवाला कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, तो गरमी फक्त बाहेर ढकलतो. नागपूरच्या मे महिन्यापुढे तोही काय करणार!

माफी मागावी असा आमचा आग्रह नाही. 2004 च्या ऑक्टोबरात इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी 4 गिगाहर्ट्‌झचा पेंटियम 4 रद्द केल्याबद्दल भर परिषदेत गुडघे टेकले होते, चेष्टेत का होईना. त्या पिढीच्या चिपांचा ताप खुद्द कंपनीलाही आवरत नव्हता. आपण गुडघे टेकू नका. दुकानात तेवढी जागाही नाही, फॉरमॅटसाठी आलेली मशीनं रचून ठेवली आहेत.

फक्त त्यांतल्या एखाद्याला खोडरबर लावण्याआधी डिलीटचं बटण दाबून बघाल का?

आपला,
एक फॉरमॅट झालेला ग्राहक

ता. क. : फॉरमॅटसोबत आपण दोन अँटिव्हायरस ‘फ्री’ टाकून दिले होते. दोघेही दिवसभर एकमेकांवर पाळत ठेवत होते आणि प्रोसेसर बसल्या जागी राबत होता. दोन्ही काढून टाकले आहेत. बिलात मात्र त्यांचे ‘इन्स्टॉलेशन चार्जेस’ दिसतात, तेवढं बघून घ्यावं.