श्वानलोमदानविधी: कळंबकरांकरिता

घरच्या कुत्र्याला विंचरून निघालेली लव अंगणातील पाखरांना घरट्यासाठी अर्पण करावी, हा विलायतेतील परसबागांत रुळलेला परिपाठ आता आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांतही शिरू लागला असून, ज्या दानात दात्याच्या पदरचे काहीच जात नाही, उलट सतरंजीवरचा केर तेवढा कमी होतो, ते दान लोकप्रिय व्हावे यात नवल नाही. तथापि कोणत्याही दानाला विधी लागतो, आणि विधी म्हटला की अधिकारी, काल, द्रव्य व पात्र यांचा विचार ओघानेच आला. सबब यवतमाळ जिल्ह्यातील कळंब येथील गृहस्थांच्या माहितीकरिता तो येथे सविस्तर देत आहे. कळंबच का, असे कोणी पुसेल. अकबराच्या अमदानीत वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे हे ठाणे होते, चिंतामणीच्या दर्शनाला येथे आजही पायऱ्या उतरून भूमीच्या पातळीखाली जावे लागते, आणि 2024 च्या फेब्रुवारीत वर्ध्याहून निघालेली रेल्वे अखेर येथवर येऊन पोचली. अशा लौकिकाच्या गावी लोमदानासारखे कृत्य बेकायदा, म्हणजे कसल्याही कायद्यावाचून, चालावे हे शोभत नाही.

प्रथम दात्याची निवड. दाता म्हणजे अर्थात कुत्रा; मालक हा त्याचा केवळ मुखत्यार होय. ज्यांनी विदर्भाच्या उन्हाळ्यात लॅब्राडोर पाळण्याचे साहस केले आहे, त्यांच्या घरी होळीपासून पुढे केसांचा जो पाऊस सोफ्यावर, चादरीवर आणि क्वचित वरणातही पडतो, त्याची आणेवारी काढली तर सारे गाव सुकाळात निघेल. गावठी कुत्र्याची लव आखूड व कामाची असते खरी, परंतु तो विंचरून घेण्यास राजी होत नाही, आणि दात्याच्या राजीखुशीवाचून जे घेतले जाते त्याला दान म्हणत नाहीत, जप्ती म्हणतात. म्हशीचा येथे विचार करण्याचे प्रयोजन नाही. तिच्या पाठीवर बसून कावळा आपल्या हक्काचे केस मुखत्याराच्या मध्यस्थीवाचून परस्पर उपटून नेतो, व ही वहिवाट फार जुनी आहे. राहिले मांजर. ज्या पिलांवर पुढे आपला डोळा राहणार, त्यांच्या पाळण्यात आपल्याच अंगची गादी अंथरावयाची, ही मांजराची दूरदृष्टी राजकारणात शोभून दिसेल. अंगणात तिला वाव देऊ नये.

लव टांगण्यासाठी बांबूची उघडी परडी घ्यावी. कांद्याची नायलॉनची जाळी वापरू नये, तीत नखे अडकतात. परडी सावलीत, मांजराच्या उडीच्या टप्प्याबाहेर बांधावी. दोन बोटांहून लांब केस कातरून आखूड करावा, कारण लांब केस पिलाच्या पायाला एकदा गुंडाळला गेला की पाय वाढतो, केस वाढत नाही, आणि तो पाय कायमचा निकामी होतो. हाच नियम माणसांच्या केसांना, शिवणाच्या दोऱ्याला आणि संक्रांतीच्या मांज्याला समजावा. परडीवर दात्याचे नाव लिहिण्याची आवश्यकता नाही. 20 मार्च रोजी, नाशिकच्या महंमद दिलावर यांच्या पुढाकाराने 2010 पासून पाळल्या जाणाऱ्या जागतिक चिमणी दिनी, परडीसह छायाचित्र काढण्यास मात्र हरकत नाही. चिमणी त्या छायाचित्रात येईलच याची हमी देता येत नाही.

आता पात्रविचार. सुगरणीने आपल्या परडीकडे पाहिले नाही म्हणून खंत करू नये. तिचा नर गवताच्या ओल्या पात्या चिरून विणतो आणि आत मातीचे गोळे थापतो, केसांशी त्याला कर्तव्य नाही. कोकिळेला घरटेच नसल्यामुळे तिचा अर्ज मुळातच फेटाळावा. चिमणी मात्र पेंढा, पिसे, केस, चिंध्या जे मिळेल ते नेते, आणि छपराखालच्या भोकात ते ज्या बेपर्वाईने कोंबते ती पाहून सामान हलवणाऱ्या हमालालाही धीर यावा. खरा रसिक ग्राहक म्हणजे शिंजीर, म्हणजे शिंजिराची मादी. कारण जांभळ्या झगझगीत पोशाखातला नर या बांधकामात काडीही उचलत नाही, तो तारेवर बसून गातो. ओसरीच्या दिव्याच्या वायरीला किंवा कपडे वाळत घालण्याच्या तारेच्या टोकाला ही मादी जे घरटे टांगते, ते निरखून पाहावे: जळमटांनी एकत्र बांधलेली सालपटे, वाळक्या पानांचे कपटे, सुरवंटाची लेंडी, असला सारा बाहेरून गबाळग्रंथी ऐवज, बाजूला एक दार, दारावर छोटीशी पडवी, आणि आत हात लावू नये इतके मऊ अस्तर.

हे अस्तर ती कोठून आणते हाच प्रश्न आपल्या विषयाच्या मुळावर येतो. हा मुलूख पांढऱ्या सोन्याचा. वेचणी आटोपून पऱ्हाट्या धुऱ्यावर रचल्या गेल्या तरी उकललेल्या बोंडांत कवडी शिल्लक राहते. जिनिंगकडे गेलेल्या गाड्यांतून निसटलेले पुंजके रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना महिनोन्‌महिने लोंबत असतात. उन्हे तापली की सावरीची बोंडे फुटतात आणि पडीत जमिनीतल्या रुईच्या म्हाताऱ्या गावभर उडत फिरतात. लवेचा दुष्काळ विलायतेत असेल तर असो. कळंबच्या शिंजिरीला लॅब्राडोरचे केस नेऊन देणे म्हणजे उलटे बांबू बरेलीला पोचवण्यापैकीच होय, आणि तरीही ते निरुपद्रवी असते तर दात्याच्या हौसेखातर चालवून घेता आले असते.

तसे ते नाही. गोचीड व पिसवा जाव्यात म्हणून कुत्र्याच्या मानेवर जे औषधाचे थेंब सोडतात, त्यांत फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, परमेथ्रिन अशी कीटकनाशके असतात व ती केसांत टिकून राहतात. इंग्लंडातील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी टिट नावाच्या चिमुकल्या पक्ष्यांची, केसांचे अस्तर असलेली, 103 घरटी तपासून 2025 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: एकूण एक घरट्यात फिप्रोनिल निघाले, दहांपैकी सुमारे नवांत इमिडाक्लोप्रिड निघाले, आणि जेथे विषाचा साठा अधिक तेथे मेलेली पिले व न उबलेली अंडीही अधिक आढळली. ही नावे यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याला नवखी नाहीत. तुडतुडे, मावा, फुलकिडे यांच्यासाठी हीच औषधे तो कपाशीवर मारतो; आणि फवारणी म्हणजे काय असते हे या जिल्ह्याला 2017 च्या हंगामात कळले, जेव्हा विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात पडले. शेतातला कापूस तरी निर्विष असतो असे म्हणण्याचे धाडस मी करीत नाही. पण निदान ते विष परडीत सजवून पाखरांच्या दारी ठेवण्याचे पुण्यकर्म आपण करीत नसतो.

सबब द्रव्यशुद्धीचे कलम असे: ज्या कुत्र्याला गेल्या वर्षभरात थेंब, फवारा, औषधी पट्टा वा औषधी आंघोळ यांपैकी काहीही लाभले असेल, त्याची लव बाद. ज्याला यांपैकी काहीच लाभले नाही, त्याच्या अंगावर गोचिडांची वस्ती असणार, तेव्हा तीही बाद. या दोन चाळण्यांतून जी लव पार पडेल ती निःसंकोच अर्पण करावी; मात्र कळंब तालुक्यात असा कुत्रा असल्यास त्याचा शोध मुखत्यारानेच घ्यावा.

लवेचा निकाल असा लागल्यावर ज्यांना पाखरांसाठी काही केल्यावाचून चैन पडणार नाही, त्यांना कामे पुष्कळ आहेत, फक्त त्यांतील बहुतेक न करण्याची आहेत. बांधावरचे रुईचे झुडूप उपटू नये. कुंपणाच्या मेंदीची कातरणी पिले उडून जाईपर्यंत पुढे ढकलावी. शिंपी पक्ष्याने तीतली दोन पाने शिवली आहेत की काय, हे वाकून पाहिल्याखेरीज कळत नाही. उन्हाळ्यात मातीच्या परळात पाणी ठेवावे व ते रोज बदलावे. आणि ओसरीच्या कोपऱ्यातली कोळिष्टके तूर्त झाडू नयेत, कारण शिंजीर, शिंपी, नाचरा या साऱ्यांचा बांधकामाचा चुना तोच आहे, आणि तो कोठल्याही कुत्र्याच्या अंगावर उगवत नाही. घरातील वडील माणसांनी यावरून आळशीपणाचा ठपका ठेवल्यास प्रस्तुत लेख पुरावा म्हणून हजर करावा. तो ग्राह्य धरला न गेल्यास झाडू मुकाट्याने हाती घ्यावा, पण वायरीवरचे घरटे तेवढे वगळावे.