डबा निर्दोष आहे

घरच्या नानकटाईचा खुसखुशीतपणा गेला की पहिला आळ डब्यावर येतो. झाकण सैल आहे, पत्रा हलका आहे, पूर्वीचे पितळी डबे काय भक्कम होते, असं सगळं बोलून झालं की नवा डबा येतो आणि नानकटाई त्यातही तितक्याच तत्परतेने मऊ पडते. माझं म्हणणं असं, की आरोपी चुकीचा पकडला जातो. डबा कसला आहे यापेक्षा तो दिवसातून किती वेळा उघडतो, हे पाहायला हवं. पाव शिळा होताना कडक होतो, नानकटाई मात्र नरम पडते. भाजताना तिच्यातलं बरंचसं पाणी उडालेलं असतं आणि आतले साखर-मैदा हवेतला दमटपणा ओढायला टपून बसलेले असतात. त्यामुळे दर वेळी झाकण निघालं की दमट हवेला आमंत्रण जातं, आणि कोकणातल्या जुलैत ती आमंत्रणाचीही वाट पाहत नाही. पुरावा घरोघरी आहे. एकाच खेपेला भाजलेली नानकटाई दोन सारख्या डब्यांत भरतात, वरच्या फळीवरचा पाहुण्यांचा आणि ओट्यावरचा घरच्यांचा. आठवड्याने वरची खुसखुशीत असते, खालची बोटाखाली दबते. डबे तेच, तूप तेच, फरक फक्त हातांचा.

यावर फ्रिजवादी उठतात. पण फ्रिजमधून काढलेल्या थंड नानकटाईवर बाहेरच्या हवेतली वाफ लगेच पाणी होऊन बसते. फ्रीझर चालतो, मात्र डबा हवाबंद हवा आणि बाहेर काढल्यावर त्याचा गारठा पूर्ण जाईपर्यंत उघडायचा नाही. म्हणजे मुद्दा पुन्हा झाकणावरच आला. डब्यात पावाचा तुकडा टाकण्याचा सल्ला परदेशी मऊ कुकीजसाठी ठीक आहे, कारण पाव आपला ओलावा त्यांना देतो. नानकटाईला तो दिला, तर तो उपकार नव्हे, घात. ओल्या नारळाच्या वड्या एकाच डब्यात ठेवल्या तरी हेच होतं. गरम नानकटाई भरून लगेच झाकण लावणाऱ्यांचा आक्षेप मात्र मान्य करायला हवा: वाफ आत कोंडली, तर बंद झाकणही वैरी ठरतं. तेव्हा आधी पूर्ण निववावी, मग छोट्या-छोट्या डब्यांत वाटून भरावी, आणि एका वेळी एकच डबा चालू ठेवावा.

‘मग सगळे डबे बंदच ठेवा की!’ असं कुणी म्हणेल. तेही नाही. मऊ पडलेली नानकटाई मंद ओव्हनमध्ये थोडा वेळ ठेवून निववली की बरीचशी सावरते. तूप खवट झालं, तर मात्र इलाज नाही. उजेड, उष्णता आणि उलटणारे दिवस झाकणाला जुमानत नाहीत. म्हणून पाहुण्यांच्या डब्यालाही मुदत असावी. १५ दिवसांत कुणी फिरकलं नाही, तर घरच्यांनाच पाहुणे समजून तो खाली उतरवावा.