आधी ट्रक दाखवा

लबाडी आपल्याला वासावरून कळते, असा माझा स्वतःविषयी फार जुना समज आहे, आणि कायदे-नियम वाचण्याचा नाद असल्यामुळे तो दिवसेंदिवस घट्ट होत चालला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला चोविसावा नियम मला जवळजवळ पाठ आहे. ट्रकच्या केबिनमध्ये चढताना आधी कोणता पाय कुठे ठेवायचा, हे मात्र सांगता येणार नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीच्या पोराने हेवी लायसन काढताना लबाड मोटार ट्रेनिंग स्कूलपासून कसं वाचावं, यावर मी मत देणार आहे. आणि ट्रक कधीही न चालवणारा माणूस ट्रकविषयी जितक्या खात्रीने बोलतो तितक्या खात्रीने ड्रायव्हरही बोलत नाही, हे वाचकांनी आधीच गृहीत धरलेलं बरं.

लबाड स्कूल म्हटलं की पैसे घेऊन एका रात्रीत पाटीसकट गायब होणारा माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. तो किरकोळ चोर. त्याची बोंब होते, पोलिसात नाव जातं, पुढच्या गावात त्याला नवी पाटी रंगवावी लागते. माझं म्हणणं असं, की भिण्यासारखा लबाड तो, जो बोलल्याप्रमाणे लायसन हातात देतो. ठरलेल्या पैशांत, ठरलेल्या तारखेला, एकही हेलपाटा न पडता. गिऱ्हाईक खूष, गिऱ्हाईकाचा बाप खूष, आणि दोघं मिळून गावातली आणखी चार पोरं त्याच्याकडे पाठवतात. या व्यवहारात फसवणूक झाली आहे हे कुणाला कळतच नाही, कारण जे मागितलं ते मिळालेलं असतं. मागितलं होतं लायसन. शिकवा, असं कुणी म्हटलंच नव्हतं.

हा धंदा चालतो कसा, ते कायद्यातच दडलेलं आहे. मालवाहू गाडीच्या लायसनसाठी वय वीस पूर्ण लागतं आणि त्याआधी हलक्या गाडीचं लायसन किमान एक वर्ष जुनं असावं लागतं. कार शिकणाऱ्याला स्कूलचा दाखला आणण्याची सक्ती नाही; काकाच्या गाडीवर शिकून थेट ट्रायल दिली तरी चालतं. हेवीचं तसं नाही. तिथे ट्रेनिंग स्कूलने दिलेला दाखला, म्हणजे फॉर्म पाच, अर्जाला जोडावाच लागतो. कायद्याचा हेतू उत्तम होता: शिकल्याशिवाय कुणी ट्रकवर बसू नये. पण शिकवणं महाग आणि कागद स्वस्त असला, की बाजार कागदाचाच भरतो. एकतिसावा नियम सांगतो की मालवाहू गाडीचं प्रशिक्षण किमान तीस दिवसांचं हवं आणि त्यात प्रत्यक्ष स्टेअरिंगवर किमान पंधरा तास. चोविसावा सांगतो की ज्या प्रकारची गाडी शिकवायची त्या प्रकारची निदान एक गाडी स्कूलची स्वतःची हवी, ती शिकवण्यासाठीच राखलेली हवी आणि तिला दुहेरी कंट्रोल हवेत, म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक हवा.

आता हिशेब मांडू. मला गणिताचीही घमेंड आहे. यार्डात नि आडरस्त्यावर तासाला पंधरा किलोमीटर धरले, तर पंधरा तासांचे सव्वादोनशे होतात. ट्रक लिटरला चार किलोमीटर देतो असं मानलं, तर छप्पन्न लिटर डिझेल. नव्वद रुपयांच्या भावाने पाच हजार रुपये नुसते धुरात गेले. शिकवणाऱ्याचा पगार, टायर, विमा, गाडीचा हप्ता वेगळा. याउलट सरकारी फी काही शेकड्यांची: लर्निंगचे दीडशे, ट्रायलचे तीनशे, लायसनचे दोनशे, अशी. तेव्हा कुणी ‘सगळं मिळून’ म्हणून पाच-सहा हजारांचा आकडा सांगत असेल, तर तो दानशूर तरी आहे किंवा त्याचा ट्रक डिझेलच पीत नाही. डिझेल न पिणारा ट्रक म्हणजे जो नाहीच तो. केशोरीत त्या ट्रकबद्दल विचारायला कुणी शिकवत नाही. पोरगा ‘किती लागतील’ विचारतो, ‘किती दिवसांत मिळेल’ विचारतो. ‘ट्रक कुठे उभा आहे’ हे विचारणं त्याला उद्धटपणाचं वाटतं.

इथे मला झाडीपट्टीच्या नाटकाविषयी बोलायचं आहे. त्याचा ट्रकशी काय संबंध ते पुढे येईल. न आल्यास नाटकाविषयी बोलल्याचं समाधान तरी राहील. केशोरीपासून वडसा फार लांब नाही, आणि वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. दिवाळी झाली, भाऊबीज आटोपली, की गावोगावी मंडई भरते आणि मंडईच्या रात्री नाटक असतं. रात्री सुरू झालेलं, पहाट होईस्तोवर चाललेलं. याच पट्ट्यातल्या, कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली; त्यांच्या नावावर पाच हजारांहून जास्त प्रयोग सांगितले जातात. तर या नाटकाचा खरा नायक मला विचाराल तर प्रॉम्प्टर. पाहुणी नटी मुंबई-पुण्याहून येते, तालमी मोजक्याच होतात, आणि अख्खं नाटक हातात वही घेतलेल्या एका माणसाच्या आवाजावर चालतं. त्याची कला काय वर्णावी! वाक्य नटापर्यंत पोचेल पण नटाच्या वाक्यावर कुरघोडी करणार नाही, इतकाच आवाज. नट रडायला लागला की याने थांबायचं, रडणं लांबलं की पुढचा शब्द हळूच सोडायचा, टाळी पडली तर वाक्य परत द्यायचं, आणि नटाने भलत्याच अंकातलं वाक्य टाकलं तर पानं उलटत त्याच्या मागे धावायचं. पहिल्या रांगेतल्यांना प्रत्येक संवाद दोनदा ऐकू येतो. त्याबद्दल जादा पैसे द्यावे लागत नाहीत. मी तर म्हणेन की मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी एकदा तरी प्रॉम्प्टर बसवावा, कारण दुसऱ्याचं वाक्य स्वतःचं असल्यासारखं न म्हणणारा तो साहित्यातला एकटाच माणूस असेल. असो. सांगायचं ते हे, की मोजक्या तालमींवर नाटक उभं राहतं याचं कारण समोर प्रॉम्प्टर असतो. दुहेरी कंट्रोलची गाडी म्हणजे तेच. शिकणारा ब्रेक विसरला तर शेजारचा पाय आठवण करून देतो. ज्याने असल्या गाडीत एकही तास काढला नाही आणि फॉर्म पाच खिशात घातला, तो पाठांतर, तालीम आणि प्रॉम्प्टर या तिन्हींशिवाय थेट मुंबई-कोलकाता हायवेवर, कोहमाऱ्याच्या चौकात, मुख्य भूमिकेत उतरतो. आणि त्या नाटकाला बसलेल्या प्रेक्षकांना आपण प्रेक्षक आहोत हेसुद्धा ठाऊक नसतं.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की स्कूल काहीही करो, शेवटी आरटीओची ट्रायल आहे ना? न शिकलेला तिथे गळेलच. हे ऐकायला इतकं बरं वाटतं की खरं असायला हवं होतं. दिल्लीत लायसन काढू पाहणाऱ्या ८२२ लोकांवर अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. तो २००७ साली छापून आला. काहींना लवकर लायसन आणलं तर बक्षीस कबूल केलं, काहींना गाडी चालवायचे धडे फुकट दिले, बाकीच्यांना तसंच सोडलं. बक्षीसवाल्यांनी लायसनं झटपट आणली, पण त्यांच्यात गाडी न येणारे जास्त निघाले. ट्रायल चुकवून देण्याचं काम एजंट करत होते आणि वरचे पैसे गेले तेही एजंटांच्याच हातून. म्हणजे घाई जितकी जास्त, तितकं शिक्षण कमी. नितीन गडकरींनीही देशातली जवळपास तीस टक्के लायसनं बोगस असल्याचं म्हटलं आहे. ज्या चाळणीतून इतकं खाली पडतं तिच्या भरवशावर स्कूल निवडायचं नसतं.

आणि ‘आपल्याकडेच असं चालतं’ म्हणून उसासा टाकणाऱ्यांसाठी अमेरिकेतला मासला आहे. १९९४ च्या नोव्हेंबरात विस्कॉन्सिन राज्यात एका ट्रकचा सुटलेला भाग रस्त्यावर पडला, मागून येणारी गाडी त्यावरून गेली आणि पेटली. एकाच घरातली सहा मुलं गेली. ट्रकवाल्याला त्याचं लायसन शेजारच्या इलिनॉय राज्यात लाच देऊन मिळालं होतं. तपास वर चढत गेला तेव्हा कळलं की लाचेचा पैसा लायसन खात्याचे त्या वेळचे प्रमुख जॉर्ज रायन यांच्या निवडणूक निधीत जात होता. तोवर रायन गव्हर्नर होऊन चुकले होते. २००६ साली ते दोषी ठरले आणि पुढे तुरुंगात गेले. इथे विनोद करता येत नाही, म्हणून करत नाही. एवढंच की त्या ट्रकवाल्यालाही कुणीतरी ‘काम होऊन जाईल’ असंच सांगितलं असणार.

दुसरा आक्षेप मला जास्त जवळचा वाटतो, कारण त्यापुढे माझी पोपटपंची फिकी पडते. स्कूल हवंच कशाला? आजवर आपल्याकडचे ड्रायव्हर क्लीनरकी करूनच तयार झाले. चाकाखाली ओंडका लावता लावता, ताडपत्री आवळता आवळता, उस्तादाच्या शिव्या खात पोरगा शिकतो. खरं आहे. उस्ताद हा या धंद्यातला सगळ्यात प्रामाणिक शिक्षक आहे, आणि त्याचं कारण नीतिमत्ता नव्हे. गाडी मालकाची, माल शेटचा, जीव स्वतःचा. त्यामुळे खात्री पटल्याशिवाय तो स्टेअरिंग सोडत नाही. केशोरीची मिरची आणि अर्जुनीकडचा तांदूळ ज्यांनी वर्षानुवर्षं सुखरूप पोचवला, त्यातल्या बहुतेकांचं विद्यापीठ हेच. पण उस्तादाकडे फॉर्म पाच नाही, आणि उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवण्याची विद्याही तोच देतो. दोन-दोन रात्री न झोपता गाडी हाणण्याचा अभिमानही त्याच्याकडूनच येतो. मग होतं असं, की पोरगा विद्या घेतो उस्तादाकडून, चुकांसकट, आणि पैसे मोजतो स्कूलला, ज्याने त्याला काहीच दिलेलं नाही. चीड येते ती याची. धान कापून झालं की हाताला काम नसतं, ट्रक ही गावाबाहेर पडायची एक धड वाट असते, आणि त्या वाटेच्या तोंडाशी बसलेला माणूस घरातल्या दोन पोत्यांचे पैसे एका शिक्क्यासाठी घेतो.

तिसरा आक्षेप अंतराचा. केशोरी गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. तीस दिवस गोंदियाला राहून शिकायचं तर खोली, खाणं, बुडालेली मजुरी. हा आक्षेप मी खोडू शकत नाही. २०२१ च्या जुलैपासून केंद्राने मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम आणले: हेवीसाठी दोन एकर जागा, सिम्युलेटर, सहा आठवड्यांत ३८ तास, आणि तिथे पास झालेल्याला आरटीओची ट्रायल माफ. कागदावर हे सुंदर आहे, पण सहा आठवड्यांची मजुरी कोण देणार हे त्यात लिहिलेलं नाही. निदान एक खर्च तरी वाचू शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केलं, की साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या हलक्या लायसनवर चालवता येते. ज्याला बाजाराच्या दिवशी छोटा हत्ती चालवायचा आहे त्याला हेवीचा कागद विकणारा माणूस गरजच नसलेलं औषध देतो आहे. आठवी पासची अटही २०१९ मध्येच गेली. तरी ‘शिक्षणाचं सर्टिफिकेट नाही, त्याचे वेगळे लागतील’ असं कुणी म्हणालं, तर त्याच्याकडे आदराने पाहावं आणि उठावं.

ज्याला खरंच हेवी हवं, त्याने स्कूलमध्ये जाऊन आधी ट्रक पाहावा. त्यावर स्कूलचं नाव आहे का, शेजारच्या सीटखाली दुसरा ब्रेक आहे का, टायरखाली गवत उगवलंय का. मग भिंतीवर आरटीओचा परवाना शोधावा, आणि कुणी किती तास गाडी चालवली याची नोंदवही मागावी. ती ठेवणं स्कूलचं काम आहे. सगळ्यांत शेवटी पावती. ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा लागत नाही. पण पावतीवर नुसतं ‘लायसन काम’ असलं, तर समोरचा वकील लायसन काढून दाखवील आणि जिंकेल. ‘यांनी मला शिकवलं नाही, नुसतं पास केलं’ अशी तक्रार घेऊन जाणारा पास झालेला माणूस मिळणं अवघडच. म्हणून पावतीवर गाडीचा नंबर आणि तास लिहून घ्यावेत, मालक का-कू करेल तोवर पैसे खिशातच असतात. अशा पावतीचा मसुदाही मी तयार करून ठेवला आहे. पोटकलमं धरून तो फॉर्म पाचपेक्षा बराच लांब झाल्यामुळे अजून कुणी मागितलेला नाही.