सहा बरण्या, एक चिवडा

लालबागच्या चिवडा गल्लीत सहा बरण्यांवर सहा नावं लावून आत एकच चिवडा भरला, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडायला येईल. तिथून फार लांब नसलेल्या एल्फिन्स्टन रोडच्या काचेच्या टॉवरमध्ये याला गुंतवणुकीचं तत्त्वज्ञान म्हणतात.

तिथल्या फ्रँकलिन टेम्पलटन या म्युच्युअल फंड कंपनीने २३ एप्रिल २०२० रोजी सहा कर्जरोखे योजना एका दमात बंद केल्या. कोणी 'अल्ट्रा शॉर्ट', कोणी 'लो ड्युरेशन', कोणी उघड उघड 'क्रेडिट रिस्क'. अडकले २५ हजार कोटींहून जास्त. अनेक योजनांत एकच जोखमीची रणनीती राबवली गेली, असं सेबीने जून २०२१ च्या आदेशात म्हटलं. कंपनीने कोविडकडे बोट दाखवलं आणि ती अपिलात गेली. पुढे वसुली होऊन पैसे परत मिळाले, हेही सांगायला हवं.

अशा ठिकाणी गुंतवणूक समिती असते, जोखीम समिती असते, वर विश्वस्त असतात. एवढ्या मंडळींत "साहेब, सगळीकडे तेच रोखे दिसतायत" असं म्हणणारा एखादा असणारच. बहुधा त्याच्या वार्षिक मूल्यमापनात 'संघभावना कमी' असा शेरा पडत असावा. व्याज जास्त येतंय तोवर साहेबांकडे दूरदृष्टी असते. रोखे विकले जाईनात की बाजारात तरलता नसते.

गुंतवणूकदारांचं मतही घेतलं गेलं, न्यायालयात प्रकरण गेल्यावर, डिसेंबर २०२० मध्ये. प्रश्न होता, योजना बंद करायच्या का? त्या एप्रिलपासून बंदच होत्या. बहुसंख्यांनी 'हो' म्हटलं.