मामींच्या बंड्याचा तात्पुरता कार्यभार : नवीन उमेदवारांसाठी मार्गदर्शन

भात झोडून झालं, पेंढा मांगरात गेला आणि सकाळी पडवीत बसताना अंगावर गोधडी लागू लागली, की कोकणातल्या साठीपुढच्या जोडप्यांना यात्रेचे वेध लागतात. काशी, प्रयाग, गया. जमलं तर अयोध्या. वाडीतल्या मंडळींचा गट जमतो, पैसे गोळा होतात, औषधांच्या पिशव्या भरल्या जातात आणि मग सगळं एका प्रश्नाशी येऊन अडतं: बंड्याला कोण बघणार? मुलगा पुण्यात. शेजाऱ्यांचा स्वतःचा कुत्रा आहे आणि त्याचं बंड्याशी बोलणं नाही. अशा अडल्या घडीला मुंबईतल्या भाच्याचं नाव निघतं. तो भाचा किंवा ती भाची तुम्ही असाल, तर पुढील मजकूर काळजीपूर्वक वाचावा. कुत्र्याचं नाव सोयीसाठी बंड्या धरलं आहे. तुमच्याकडे मोती, टायगर, वाघ्या किंवा अलीकडच्या रीतीप्रमाणे ब्रुनो असेल, नियम तेच.

मामींचा फोन आल्यावर लगेच हो म्हणू नये. "रजेचं बघतो" म्हणावं. फार ताणूही नये, कारण या जागेसाठी डोंबिवलीचा मावसभाऊ तितकाच पात्र आहे आणि त्याला घरून काम करायची सवलत आहे.

रजेच्या अर्जात कारण काय लिहावं, हा प्रश्न पुष्कळ उमेदवार विचारतात. इथे महाभारताचा आधार घेता येतो. महाप्रस्थानिकपर्वात इंद्र रथ घेऊन न्यायला येतो, पण बरोबर चालत आलेल्या कुत्र्याला मागे टाकून युधिष्ठिर रथात चढायला नकार देतो. मामींनी काशीच्या बाबतीत इतकी वर्षं हेच केलेलं आहे. युधिष्ठिराचा कुत्रा शेवटी साक्षात धर्म निघाला. बंड्या अजून तरी बंड्याच निघाला आहे, एवढाच फरक. तेव्हा "दोन ज्येष्ठ नागरिकांच्या तीर्थयात्रेतील अडसर दूर करणेकामी" असं लिहावं. साहेब भाविक असतील तर अर्ज मंजूर होतो. नसतील तर ताप आला म्हणून सांगावं.

शहरातून न्यायच्या सामानात छातीचा पट्टा, रबरी हाड, नावाची थाळी वगैरे काही नको. बंड्याला पट्टा दाखवलात तर तो गुरासाठी आणला आहे असं समजून गोठ्याकडे बघेल. एक चांगली बॅटरी मात्र घ्यावी. तिचं काम पुढे येईल.

चार्ज घेणे

कार्यभार सोपवण्याचा विधी गाडी दारात उभी असताना होतो. मामी सूचना देतात आणि मामा पिशव्या मोजतात. मामींच्या सूचना साधारण अशा: सकाळी भाकरी ताकात कुस्करून, पण ताक पातळ नको, दुपारी भात, वर मासळीचं पाणी, सोमवारी मासळी नाही, त्यालाही नाही, गोड मागेल, देऊ नये, फार मागितलं तर द्यावं. गोचिडीचं औषध फळीवर आहे. लसीचं कार्ड बिस्किटाच्या डब्यात आहे, पण बिस्किटाच्या डब्यात बिस्किटं नाहीत, ती तांदळाच्या पिंपात आहेत, कारण डबा त्याला उघडता येतो. हे सगळं ऐकून झालं की मामा गाडीत चढता चढता म्हणतात, "काय नाय रे, त्याचं तो बघतो." दोघांचंही म्हणणं खरं असतं.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली की बंड्या बेड्याशी, म्हणजे आवाराच्या फाटकाशी, थोडा वेळ उभा राहतो. या वेळी त्याच्याशी बोलायला जाऊ नये. नंतर तो परत येतो, तुम्हाला एकदा पायापासून गुडघ्यापर्यंत हुंगतो आणि पडवीत आपल्या जागी जाऊन बसतो. तुमची नेमणूक झाली.

कामाचे स्वरूप

शहरात कुत्रा सांभाळायचा म्हणजे त्याला फिरवायचं. इथे तो फिरतीवर जातो आणि तुम्ही बरोबर असता. सकाळी उजाडलं की तो निघतो: आगरातून गडग्याच्या खिंडारातून पलीकडे, पाखाडीने वर, देवळाला वळसा, सहाणेवर दोन मिनिटं थांबणं, मग पऱ्या ओलांडून खालच्या वाडीत. प्रत्येक ठिकाणी त्याची काही ना काही कामं असतात. काही कामं मागचा पाय वर करून होतात. ती झाल्याखेरीज पुढे चला म्हणू नये. कुत्र्याला त्या खांबावर काल कोण येऊन गेलं, ते आजारी होतं की खुशीत, हे सगळं कळत असतं. तुम्ही मोबाइलवर सकाळी तेच करता.

या फिरतीचा खरा लाभ तुम्हाला होतो, आणि तो कुठल्याही मामींनी कधी फोनवर सांगितलेला नसतो. वाडीत अनोळखी माणूस एकटा भटकू लागला की लोक विचारतात, "कोणाकडचे?" मग आजोबांपासून सुरुवात करावी लागते. जमिनीचा दलाल असाल अशी शंकाही डोळ्यांत दिसते, कारण हल्ली पांढरे बूट घालून कोकणात हिंडणारा माणूस बहुधा दलालच असतो. पण पुढे बंड्या चालत असेल, तर प्रश्न उरत नाही. "बंड्याबरोबर आलात काय? या, चहा घ्या." तुमचं नाव कुणी विचारत नाही, हुद्दा तर नाहीच. तुमचा पगार, फ्लॅटचं क्षेत्रफळ, मुलीचे टक्के यांतलं काहीही न सांगता तुम्ही कुणाच्याही ओटीवर बसू शकता. भरल्या वाडीत इतका मान आणि इतकी मोकळीक एकत्र मिळायला एरवी फार वर्षं मास्तरकी करावी लागते.

संध्याकाळी वस्तीची एसटी येते. रात्री गावातच राहून पहाटे परत निघणाऱ्या या गाडीच्या कंडक्टरशी बंड्याचा जुना व्यवहार आहे: एक ग्लुकोज बिस्किट, तेही गाडी मागे घेऊन लावून झाल्यावर. यात तुम्ही पडू नये.

सरकारी काम

बंड्याचं अधिकृत काम वांदर हाकलण्याचं. कोकणात आज आंबा-काजू लावणाऱ्या कुणालाही विचारा, हवामानाच्या खालोखाल तक्रार वांदरांचीच निघेल. कळप येतो, शहाळी पाडतो, पपई अर्धी खाऊन टाकतो, शेवगा ओरबाडतो, आणि जाता जाता घराच्या कौलांवरून धावत जातो. मग पावसाळ्यात घर गळतं. तेव्हा कळप आला की बंड्याने भुंकायचं आणि तुम्ही पत्र्याचा डबा वाजवायचा, अशी कामाची वाटणी आहे.

बंड्याचं वांदरांसाठीचं भुंकणं वेगळं असतं. ते वर तोंड करून, लागोपाठ आणि थोडं अपमान झाल्यासारखं असतं. आजवर त्याच्या हाती एकही वांदर लागलेला नाही. फणसावर बसलेला हुप्प्या शेपटी खाली सोडून त्याच्याकडे शांतपणे बघत राहतो, हे तुम्ही पाहाल. अशा वेळी हसू नये. नोकरीत तुमचाही निकाल फार वेगळा नसतो, आणि तुम्ही तर भुंकतही नाही. कळप कंटाळून पुढच्या आगरात गेला की बंड्या छाती काढून परत येतो. त्याला "शाब्बास" म्हणावं. हे भत्त्यात धरलेलं आहे.

आहार

म्हावरं घेऊन येणाऱ्या बाईचा भोंगा वळणावर वाजला की बंड्या तुमच्या आधी रस्त्यावर असतो. बांगड्याची डोकी त्याची. काटे काढून, उकडून, भातात कालवून द्यावीत, आणि वाटण लावायच्या आधी. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, हे पशुवैद्य सांगतात. कालवणाची चव चाखून तो मिटक्या मारतो म्हणून ते त्याला मानवतं असं नाही. शिजवलेल्या कोंबडीची हाडं तर कधीच देऊ नयेत; त्यांच्या सळया निघतात आणि आतड्यात रुततात.

मार्गशीर्षात मात्र एक नाजूक प्रसंग उद्भवतो. घरोघर सत्यनारायण असतात आणि बंड्याला सर्वत्र आमंत्रण असतं. प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे असतात. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतो. प्रसाद नाकारायचा नाही आणि बेदाणा पोटात जाऊ द्यायचा नाही, म्हणून यजमानांसमोर द्रोण कपाळाला लावावा, "त्याला घरी नेऊन देतो" म्हणावं आणि घरी येऊन बेदाणे निवडून आपण खावेत. मुंबईहून आणलेलं चॉकलेटही याच नियमाखाली येतं.

प्रकृती

पहिल्याच संध्याकाळी तुम्ही त्याच्या कानाला हात लावाल, तो गरम लागेल आणि तुम्ही मामांना फोन कराल. करू नका. कुत्र्याचं निरोगी तापमानच 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. तुमच्या हिशेबाने तो जन्मभर तापातच आहे आणि त्याचं काही बिघडलेलं नाही.

गोचीड मात्र रोज बघावी: कानात, मानेखाली, बोटांच्या बेचक्यांत. चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. रॉकेल लावणे, उदबत्तीने चटका देणे हे उपाय सुचवणारे सल्लागार गडग्यावरून डोकावतील. त्यांचे आभार मानावेत आणि चिमटाच वापरावा. या कामाला अर्धा तास जातो. बंड्या पाठीवर पडून चारी पाय वर करतो, डोळे मिटतो, मधूनच एक पाय आपोआप हलतो. शहरात एवढा वेळ कुणी इतक्या विश्वासाने तुमच्या हाती स्वतःला दिलेलं तुम्हाला आठवणार नाही. असो, विषय गोचिडीचा होता.

लसीचं कार्ड उघडून तारीख तपासावी. मामा दरवर्षी 28 सप्टेंबरच्या सुमारास त्याला टोचून आणतात, कारण तो जागतिक रेबीज दिन असतो आणि तालुक्याच्या दवाखान्यात त्या वेळी फुकट शिबिर भरतं. लुई पाश्चर 1895 साली याच तारखेला गेला. त्याने 1885 च्या जुलैत जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ही लस टोचली होती. बंड्याला यातलं काही ठाऊक नाही, तो त्या दिवशी फक्त मोटारसायकलच्या टाकीवर बसून जायला मिळतं म्हणून खूश असतो. कार्ड चोख असलं तरी गावातल्या दुसऱ्या कुत्र्याचा दात तुम्हाला लागला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी आणि सरळ आरोग्य केंद्र गाठावं. इथे गंमत नाही. हळद, चुना, मिरची यांपैकी काहीही लावू नये.

रात्र

दिवेलागण झाली की बंड्या आत आणि दाराला कडी. या एका नियमाला मामींकडे अपवाद नाही, आणि कारण बिबट्या. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात अकोले भागात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या जेवणात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. कोकणातल्या बायका हे कुठलंही संशोधन न वाचता पिढ्यानपिढ्या कुत्री आत घेत आल्या आहेत. बंड्याला हे पटत नाही. तो दाराशी बसून उसासे टाकेल, नख्यांनी फळी खरवडेल, जगात आपल्यावरच अन्याय होतो असा चेहरा करेल. विरघळू नये.

रात्री मागल्या दारी जायची वेळ आली तर बॅटरी. जांभ्या दगडाच्या फटीत फुरसं बसलेलं असतं, हाताएवढंही नसतं आणि मातीत दिसत नाही. बंड्या एखाद्या जागी थबकून, पुढे न जाता, खाली बघून गुरगुरू लागला तर त्याच्या पुढे पाऊल टाकू नये. त्याच्या हुद्द्याला मान देण्याचे प्रसंग कमी येतात. हा त्यातला एक.

मुख्यालयाशी संपर्क

मामी रोज फोन करतील. नेटवर्क विहिरीच्या कठड्याशी मिळतं. गंगेची आरती, घाटावरची थंडी, कुणाचं काय हरवलं हे दोन वाक्यांत आटपतं आणि मग, "जेवला काय तो?" सुरू होतं. फोन स्पीकरवर टाकू नये. मामींचा आवाज ऐकला की बंड्या आधी तुमच्या हाताकडे बघतो, मग धावत स्वयंपाकघरात जातो, तिथून मागल्या पडवीत, तिथून गोठ्यात. परत येतो तेव्हा तुम्ही त्यांना कुठे लपवलं आहे असा त्याचा संशय स्पष्ट दिसतो.

दुपार

दुपारच्या कामाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण काम थोडकंच आहे. जेवण झालं की पडवीत चटई टाकावी. बंड्या येऊन पाठ तुमच्या पायाला टेकवून झोपतो. वाऱ्याने पोफळी हलतात, कुठेतरी नारळाची झावळी पडते, त्याचा एक कान उठतो आणि खाली येतो. याच वेळी घरात आडवं पडलेल्या माणसाला मुंबईत आळशी म्हणतात. इथे तुम्ही ड्यूटीवर आहात. कुणी हाक मारून विचारलं, "काय करताय?" तर झोपेतूनच सांगावं, "बंड्याला बघतोय."

चार्ज देणे

गाडी परत येईल त्या दिवशी सकाळी त्याला अंघोळ घालावी. दुपारपर्यंत तो शेणात लोळून येईल, पण नोंद राहते. गाडीचा आवाज तुम्हाला ऐकू येण्याआधी तो बेड्याशी पोचलेला असेल. मामी उतरताच तो रडेल, ओरडेल, त्यांच्या लुगड्यावर चिखलाचे पंजे उमटवेल, आणि तुमच्याकडे पुन्हा वळूनही बघणार नाही. याचा राग धरू नये. बदलीवर आलेल्यांना निरोप समारंभ नसतो.

"त्रास नाय ना दिला?" या प्रश्नाचं उत्तर विचार करून द्यावं. "छे, अगदी गुणी" म्हणालात तर मामींना वाटेल, त्यांच्यावाचून त्याचं काही अडलं नाही, आणि त्या दुखावतील. "फार उदास होता" म्हणालात तर पुढच्या यात्रेला त्या जायच्याच नाहीत. "दोन दिवस बेड्याकडे बघत बसायचा, मग रुळला" हे प्रमाण योग्य आहे. सोबत गंगाजलाचा गडू हातात घेऊन डोळ्यांना लावावा आणि मामांपाशी सहज विषय काढावा, की काशी झाली, आता नर्मदा परिक्रमा करून टाका. मामा म्हणतील, बसने जाणाऱ्या सहली असतात, पंधरा-वीस दिवसांत होतं. तेव्हा मान हलवून सांगावं, की बसने कसलं पुण्य. खरी परिक्रमा पायी, आणि शास्त्राप्रमाणे तिला 3 वर्षं, 3 महिने आणि 13 दिवस लागतात.