पावतीनाना

नाना गल्लीत शिरले की घराघरांतले टीव्ही बंद होतात. टीव्ही चालू असला की घरात माणूस आहे हे कळतं, आणि घरात माणूस आहे हे कळलं की पावती फाटते. साताऱ्याच्या जुन्या पेठांत हे लहान पोरांनाही पाठ आहे. राजवाड्यापासून मोती चौकापर्यंत नानांना ओळखत नाही असा दुकानदार नाही, आणि त्यांना लांबून पाहून गल्ल्याखाली काहीतरी शोधायला वाकला नाही असाही नाही.

नानांचं खरं नाव रेशनकार्डावर असेल. गावाला ते पावतीनाना. असे नाना तुमच्याही गावात असणार. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे तात्या. वाचनालयाचं छप्पर, मूकबधिर मुलांच्या शाळेतले बाक, स्मशानभूमीची शेड, गावात जे जे उभं राहायचं असतं ते आधी यांच्या पावतीपुस्तकात उभं राहतं. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत दोन पुस्तकं, कार्बनचे कागद, रबरबँड लावलेली डायरी आणि गेल्या शतकातलं वाटावं असं शिक्क्याचं पॅड.

पुस्तकाची मांडणी मात्र बघण्यासारखी. एक नंबरची पावती कायम नानांच्या स्वतःच्या नावाची, 501 रुपये, पेन्शनमधून. दोन नंबरची पावती गावातल्या एका दिलदार डॉक्टरांची, 5,001. आणि पुस्तक कुठेही, कसंही उघडलं तरी दोन नंबरवरच उघडतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘‘अरे, शिवण तिथं सैल करून घेतलीय. माणूस पेन हातात घेतो तेव्हा आधीचा आकडा बघतो. माझा बघितला तर 501 देईल आणि वर म्हणेल, नानांएवढे दिले.’’

चुकलेली पावती नाना फाडून टाकत नाहीत. मूळ प्रत आणि स्थळप्रत एकत्र टाचून त्यावर आडवं ‘रद्द’ लिहितात, खाली सही करतात. धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत हिशेब जायचा तर नंबरात खाडा नको, हे त्यांचं अधिकृत कारण. खरं कारण वेगळं आहे. ज्यांनी ‘लिहा लिहा’ म्हणून पावती लिहवून घेतली आणि पैसे द्यायच्या वेळी ‘उद्या या’ म्हटलं, त्यांचा तो संग्रह आहे. त्या ‘रद्द’ पावत्या वाचल्या की गेल्या तीस-चाळीस वर्षांतली साताऱ्यातली सगळी प्रतिष्ठित मंडळी एका जागी भेटतात.

‘साहेब घरी नाहीत’ या वाक्यावर नानांचा अभ्यास मोठा आहे. दारातल्या चपला ते मोजतातच, पण चपलांवर विसंबत नाहीत; शहाणी माणसं चपला आत नेऊन ठेवतात. नाना जाता जाता स्कूटरच्या इंजिनाला पालथा हात लावतात. कोमट लागलं की पायरीवर बसून राहतात. ‘‘येतील की. मला कुठं घाई आहे?’’ पलीकडच्या गल्लीत एक वकील राहतात. त्यांच्या गॅलरीत पिंजऱ्यात पोपट आहे. पोपट पाळायला कायद्यानं बंदी आहे, हे वकिलांना कुणी सांगायचं, म्हणून कुणी सांगत नाही. रविवारी सकाळी वहिनी दारात येऊन ‘हे कोर्टात गेलेत’ म्हणत होत्या आणि वरून पोपट वकिलांच्याच आवाजात ‘कोण आलंय गं? कोण आलंय?’ असं ओरडत होता. नानांनी फक्त वर बघितलं. त्या दिवशी 1,001 मिळाले.

चहाबद्दलही त्यांचं एक शास्त्र आहे. पाणी आलं तर हरकत नाही. पण पावतीआधी चहा आला तर रक्कम निम्मी झाली म्हणून समजा, आणि चहाबरोबर पोहे आले तर उठा, काहीच मिळणार नाही. त्यामुळे नाना ‘‘चहा नंतर घेऊ’’ म्हणतात. लोकांना वाटतं, केवढा निरिच्छ माणूस!

आता दाखले. नानांकडे प्रत्येक उंबऱ्यासाठी वेगळा दाखला आहे. मास्तरांच्या घरी ते कर्मवीर भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड काढतात. बायाबापड्यांनी रोज मूठ मूठ धान्य बाजूला काढून ठेवलं आणि त्यावर वसतिगृहातली पोरं जेवली, हे ते सांगतात. कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेचा वटवृक्ष याच गावात वाढलेला, त्यामुळे साताऱ्यातला मास्तर त्यापुढे तोंड उघडू शकत नाही. समोर मास्तरीणबाई असल्या तर वसतिगृहासाठी दागिने मोडणाऱ्या, भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई येतात. मात्र तेव्हा नानांची नजर चुकूनही बाईंच्या गळ्याकडे जात नाही, जमिनीकडे असते. सभ्यता वेगळी आणि वर्गणी वेगळी. पेन्शनरांसाठी महर्षी कर्वे: सत्तरी ओलांडल्यावर संस्थेसाठी युरोप-अमेरिका पालथी घालून आले, तुम्ही निदान कपाटापर्यंत तरी जा. व्यापाऱ्याच्या पेढीवर विठ्ठलदास ठाकरसी: 1920 साली महिला विद्यापीठाला 15 लाख रुपये! ‘‘त्या वेळचे हां शेठ. सोन्याच्या भावानं आज किती होतील ते तुम्हीच काढा, मला कुठं गणित येतंय?’’ शेठ मनातल्या मनात गणित करतात, घाबरतात, आणि त्यापेक्षा बरं म्हणून पाच हजारांवर येतात. आणि अगदीच कवडीचुंबक भेटला तर अंताजीपंत काळ्यांचा पैसा फंड. माणशी वर्षाला एक पैसा मागून मागून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला, तुम्ही निदान शंभर तरी द्या. या सगळ्या थोरांनी आयुष्यभर जे मागितलं ते मागितलंच. त्यांच्या पश्चात त्यांच्या नावानं मागायचं काम नानांनी एकहाती चालवलं आहे.

देणाऱ्यांच्याही तऱ्हा असतात. एक गृहस्थ दरवर्षी गुप्तदान देतात आणि आठवडाभरानं फोन करून विचारतात, ‘‘अहवालात गुप्तदान छापलं ना? चौकटीत छापा.’’ वाचनालयाला कुणीतरी वडिलांच्या स्मरणार्थ भिंतीवरचं घड्याळ दिलं आहे. ते बंद पडून कितीतरी वर्षं झाली. काढता येत नाही, कारण चिरंजीव वर्षातून एकदा नाव बघायला येतात. दुरुस्त करता येत नाही, कारण ‘स्मरणार्थ’ची पितळी पट्टी नेमकी किल्लीच्या भोकावर ठोकली आहे.

शिवाय आयकराचे जाणकार. 2017 पासून 80जीची सवलत हवी असेल तर 2,000 रुपयांच्या वर रोख देणगी चालत नाही. हा नियम गावातल्या सगळ्या धनिकांना एका रात्रीत पाठ झाला. ‘‘इच्छा खूप आहे हो नाना, पण कायदा आडवा येतो. दोन हजारच घ्या.’’ नाना पावतीपुस्तक उलटं करतात. मागच्या पुठ्ठ्यावर नातीनं लॅमिनेट करून चिकटवलेला क्यूआर कोड असतो. ‘‘यातून जेवढे द्याल तेवढे चालतात.’’

2021 च्या एप्रिल-मेमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मात्र नानांना हे काहीच करावं लागलं नाही. वय झालेलं, घरातून बाहेर पाय टाकायला काकूंची सक्त मनाई, पिशवी खुंटीला. ग्रामीण रुग्णालयाला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हवे होते, मिनिटाला पाच लिटरवाले तरी. नानांनी आयुष्यात पहिल्यांदा फोनवरून वर्गणी मागितली. त्या दिवसांत ‘साहेब बाहेर गेलेत’ असं कुणी म्हणालं नाही. बाहेर जायला कुठं वाव होता? कर्व्यांचा दाखला लागला नाही, ठाकरसींचा नाही. लोक नुसतं ‘किती पाहिजेत?’ विचारायचे. एका मुलानं वडिलांच्या तेराव्याचे म्हणून बाजूला ठेवलेले पैसे पाठवले. नानांनी ती पावती लिहिली, आणि त्या दिवशी पुढची लिहिली नाही. काकू सांगतात म्हणून मला माहीत. नाना कार्बन संपला होता म्हणतात.

यंत्रं आली, लाट ओसरली, आणि मग आपल्याकडे जे व्हायचं ते झालं: सत्काराची लाट आली. गावातल्या एका मंडळानं ठरवलं की दानशूरांचा आणि निधिसंकलकांचा एकत्र सत्कार करायचा. गर्दी नको म्हणून ऑनलाइन. निमंत्रणपत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर आली, तीत नानांच्या नावाआधी ‘ज्येष्ठ निधिसंकलक’ असं छापलं होतं. काकूंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘‘म्हणजे तुम्हीच का?’’

शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि कंदी पेढ्यांचा पाव किलोचा बॉक्स कार्यकर्त्यांनी आधीच घरपोच केला. सूचना अशी होती की ‘सत्कार करण्यात येत आहे’ हे शब्द ऐकू आले की घरातल्या कुणीतरी शाल पांघरावी. श्रीफळ गुरुवारी आलं, कार्यक्रम रविवारी. शुक्रवारी आमटीत खोबरं कमी पडलं. त्यामुळे ऐन वेळी देवघरातल्या कलशावरचा नारळ उचलून आणावा लागला. काकूंनी देवीला हात जोडून ‘‘दहा मिनिटांत परत आणते’’ असं सांगितलं. दहा मिनिटं हा अंदाज काकूंनी कार्यक्रमपत्रिका न वाचता केलेला होता.

झूमचं फुकटातलं खातं 40 मिनिटांनी बंद पडतं, हे मंडळाच्या तांत्रिक समितीला माहीत होतं. ही समिती म्हणजे अकरावीतला एक मुलगा. त्यानं अध्यक्षांना सांगितलंही. पण अध्यक्षांच्या मते पैसे भरून खातं घेणं म्हणजे देणगीदारांच्या पैशाची उधळपट्टी. पहिली काही मिनिटं ‘‘माझा आवाज येतोय का?’’ यात गेली. दीपप्रज्वलन प्रत्येकानं आपापल्या घरी करायचं होतं. एका दानशूरांना काडेपेटी सापडेना, त्यांनी समईला गॅसचा लायटर लावला, तो नुसताच टिकटिक करत राहिला आणि ती टिकटिक सगळ्यांनी ऐकली. मग प्रमुख पाहुण्यांचा परिचय. पाहुण्यांनी भूषवलेली पदं संपेनात. स्वतः पाहुणे त्या वेळी फोन उभा धरून कुणाशी तरी बोलत होते, आणि सभेला त्यांच्या घरातला पंखा दिसत होता.

सर्वांत मोठे दानशूर म्हणून ज्या शेठजींचा सत्कार होता त्यांच्या मागे मुलानं अजिंक्यताऱ्याचं चित्र लावून दिलं होतं. शाल पांघरली गेली तशी ती त्या चित्रात विरघळली. शेठजींचे खांदे गेले, मग गळा गेला, आणि किल्ल्याच्या तटावर नुसतं एक हसरं डोकं उरलं. टाळ्या वाजल्याच नाहीत, कारण सगळे म्यूट होते. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळे हात तेवढे वर तरंगत गेले. शेठजींचं मात्र समाधान झालं नाही. आयुष्यभर टाळ्या ऐकून देणगी दिलेला माणूस, त्याला चित्रातल्या हातांचं काय?

नानांची पाळी आली तेव्हा 34 मिनिटं झाली होती. काकूंनी शाल उचलली आणि नेटवर्क अडकलं. नाना तोंड उघडं ठेवून, काकू हात वर करून, शाल दोघांच्या मधोमध. तेवढ्यात निवेदिकेनं अख्खं मानपत्र वाचून टाकलं. चित्र सुटलं तेव्हा नाना बोलत होते, ओठ हलत होते, आवाज नव्हता. ‘‘नाना, अनम्यूट करा!’’ असं सगळे ओरडले. अख्ख्या गावानं नानांना ‘बोला, बोला’ म्हणण्याची ही पहिलीच वेळ.

नाना सत्काराबद्दल एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, ‘‘यंत्रं आली, पण त्यांचे फिल्टर बदलावे लागतात, सर्व्हिसिंग असतं, आणि त्याला कुणी देणगी देत नाही, कारण फिल्टरवर नाव घालता येत नाही. तेव्हा आज आपण सगळे जमलोच आहोत तर—’’ आणि बरोबर चाळीसावं मिनिट भरलं. पडदा काळा झाला. एकाच वेळी साताऱ्यातल्या कितीतरी घरांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. अध्यक्षांनी दुसरी लिंक पाठवली, तिच्यावर अध्यक्ष, निवेदिका आणि तो अकरावीतला मुलगा एवढेच आले.

पण नानांनी नातीला आधीच कामाला लावलं होतं. सुरुवातीलाच तिनं हजर असलेल्यांच्या यादीचे फोटो काढून ठेवले होते. ‘‘इतकी वर्षं मी लोकांच्या घरी जाऊन ते घरात आहेत का बघत होतो,’’ नाना मला म्हणाले, ‘‘इथं माणूस स्वतःच नाव लिहून खिडकीत येऊन बसतो. असले कार्यक्रम दर महिन्याला व्हायला पाहिजेत.’’ अडचण एवढीच होती की काहींची नावं नव्हती, यंत्रांची होती. ‘रेडमी नोट’ हे नवे रहिवासी कोण, यावर नानांनी बराच विचार केला. नोट हे आडनाव त्यांना शुभ वाटलं होतं. नातीनं समजावल्यावर ते कपड्यांवरून, मागच्या भिंतींवरून, कॅलेंडरांवरून एकेक माणूस ओळखत गेले. शेवटी राहिला ‘आयफोन’. कॅमेरा बंद, नाव नाही. पण त्या चौकटीचा माइक मध्येच एकदा चुकून सुरू झाला होता.

सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास वकिलांच्या घरी फोन वाजला.

‘‘नमस्कार वकीलसाहेब, नाना बोलतोय. पोपट काय म्हणतोय? काल त्याचा आवाज जरा बसल्यासारखा वाटला. बरं, फिल्टरचे एक हजार एक लिहू, का पाच?’’