खर्रासाहेब, छातीचा हिशेबही द्या!

रा. रा. खर्रासाहेब,
मुक्काम पानठेला, सेमाडोह, मेळघाट.

सा. न. वि. वि.

परतवाडा-धारणी रस्त्यावर गाडी थांबली की चहाच्या आधी तुमची आठवण निघते. पन्नीत सुपारी, तंबाखू अन् चुना पडतो, घसाघसा घोटलं जातं, अन् चौघांच्या गालात तुम्ही सारखे वाटले जाता. एवढी समता ग्रामसभेतही दिसत नाही!

पण तुमचा विनय त्याहून थोर. पुडीवरचं चित्र, 2012ची गुटखाबंदी, शाळेतली शपथ, सगळी बदनामी तोंडाच्या कॅन्सरच्या नावाने. हृदयाचं काम मात्र तुम्ही गुपचूप उरकता. "बिडी सोडली ना बावा, आता नुसता खर्रा. धूरच नाही तर छातीले काय होते?" असं भक्त छातीठोकपणे सांगतात, तेव्हा तुम्ही गालातल्या गालात हसत असाल.

धुराची तुम्हाला गरज काय? निकोटिन गालाच्या अस्तरातून थेट रक्तात उतरतं. ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आकसतात. 52 देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात नुसता तंबाखू चघळणाऱ्यांनाही हृदयविकाराच्या झटक्याचा धोका दुपटीहून जास्त आढळला. सोबतीला वाढलेला रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल अन् पोटाचा घेर ही तुमची मित्रमंडळी आहेतच. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद झाली की झटका. त्यातून वाचलेलं किंवा वर्षानुवर्षं चढ्या दाबाने थकलेलं हृदय पुढे नीट पंप करत नाही. मग पाय सुजतात, आडवं पडलं की दम लागतो.

बरं, पकडले जाण्याची भीतीही तुम्हाला नाही. मध्यरात्री छाती भरून येते, दरदरून घाम फुटतो, कळ डाव्या हातात नाहीतर जबड्यात जाते. घरचे म्हणतात, "गॅस झाला, ओवा खाय." बाईमाणसाला कधी नुसता दम लागतो, गळाल्यासारखं होतं; तिला तर ओवाही कोणी विचारत नाही. गुठळी विरघळवायचं औषध जितक्या लवकर, तितकं हृदय वाचतं, अन् इथून घाट उतरून परतवाडा, पुढे अमरावती. ओवा चावण्यात गेलेला प्रत्येक तास तुमच्या खात्यात जमा. दुसऱ्या दिवशी गाव म्हणतं, "चांगला धडधाकट होता, देवाने नेला." देवावर एवढा आळ घालून तुम्ही पुन्हा ठेल्यावर हजर!

म्हणून आता आम्हीच तुमचा गौरव करायचं ठरवलंय. आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजून घेऊ. 140/90 किंवा वर वारंवार भरला तर गोळी रोज घेऊ, बरं वाटलं म्हणून सोडणार नाही. छातीत कळ आली तर ओव्याआधी ईसीजी अन् 108ला फोन. आणि डॉक्टरांना विनंती, की छातीच्या प्रत्येक केसपेपरवर 'दिवसाला किती खर्रे?' हा रकाना भरलाच पाहिजे. तुमचं कर्तृत्व एकदा सरकारी कागदावर येऊ द्या.

आपला नसलेला,
एक वऱ्हाडी